टिंपनीच्या मागे बसून ऐकलेला सिबेलियस

दायांबायां

नमस्कार मंडळी,

मी तबलजी. बत्तीस वर्षं साथ करतो आहे. डोंबिवलीतली भजनी मंडळं, नाट्यसंगीताचे कार्यक्रम, अधूनमधून ख्यालाची बैठक. पाश्चात्त्य अभिजात संगीत हा आपला प्रांत नव्हे, असंच आजवर धरून चाललो होतो. सध्या लेकीकडे फिनलंडला, एस्पूला आलो आहे. परवा तिने हेलसिंकी फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाच्या मैफिलीला नेलं. तिथे जे ऐकलं ते अजून डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

मध्यंतराआधी फिनलंडच्या सिबेलियसचा व्हायोलिन कॉन्चेर्टो, म्हणजे एकटं व्हायोलिन आणि सोबत वाद्यवृंद अशी रचना, आणि मध्यंतरानंतर रशियन रॅखमानिनॉव्हची दुसरी सिंफनी, म्हणजे सबंध वाद्यवृंदासाठीची मोठी रचना. जागा मुसीक्कितालो, म्हणजे तिथलं संगीतगृह. संसदेच्या समोरच आहे, २०११ साली उघडलं. सभागृहात १,७०४ जणांची सोय आहे आणि मंच मध्यभागी, प्रेक्षक चहूबाजूंनी. चांगल्या जागा आधीच गेल्या होत्या. आम्हाला मिळाल्या वाद्यवृंदाच्या पाठीमागच्या. लेक हळहळत होती. मला मात्र खाली बघितल्यावर ब्रह्मानंद झाला, कारण माझ्या पुढ्यातच टिंपनी होती. नगाऱ्याच्याच कुळातलं वाद्य. तांब्याच्या मोठमोठ्या भांड्यांवर पानं, म्हणजे वाजवायचे पडदे, ताणलेली, आणि प्रत्येक भांड्याचा सूर वेगळा लावलेला.

सुरुवात कशी होते सांगतो. व्हायोलिनवाल्यांनी घोडीवर म्यूट चढवलेले. म्यूट म्हणजे आवाज दाबणारी एवढीशी चिमटी. त्यातून जे निघालं त्याला वाजणं म्हणवत नव्हतं. खिडकीबाहेर बर्फ पडत असावं आणि आपल्याला ते ऐकू यावं, तसं काहीतरी. तीन मापं (आपल्या आवर्तनासारखी) तेवढंच. चौथ्यात एकलवादिका शिरली. मोठी प्रस्तावना नाही, वाद्यवृंदाने आधी सगळी चाल वाजवून दाखवणं नाही. बत्ती न लावता कुणी खोलीत येऊन बोलायला लागावं, तशी आली.

मंचावर किती माणसं होती ते मी मोजलं. बासऱ्या, ओबो, क्लॅरिनेट, बॅसून ही फुंकवाद्यं दोन-दोन, म्हणजे आठ. हॉर्न चार, ट्रंपेट दोन, ट्रॉम्बोन तीन, म्हणजे नऊ. टिंपनी एक. आणि तंतुवाद्यांची पन्नासेक माणसं. एवढ्या ताफ्यासमोर एक व्हायोलिन, तेही माइकशिवाय. आपल्याकडे एका पेटीपुढे गायकाचा आवाज दबतो म्हणून साऊंडवाल्याशी हुज्जत घालावी लागते. इथे सत्तर माणसं अशी बसली होती की त्या एका वाद्याला कुठेही धक्का लागू नये. मी पहिल्या पाच मिनिटांत ओळखलं की ही साथ आहे. अगदी आपली ती साथ. समोरच्याला जागा करून द्यायची, त्याने श्वास घेतला की आपण भरायचं, तो बोलायला लागला की हात आखडायचा.

कॉन्चेर्टोच्या तीन भागांपैकी पहिल्याच्या मध्यावर एक मोठी जागा येते, तिला कादेन्झा म्हणतात. तिथे सगळा वाद्यवृंद थांबतो आणि व्हायोलिन एकटं वाजतं. त्या वेळात मी समोरच्या टिंपनीवाल्याकडे बघत होतो. वय माझ्याएवढंच असेल. मांडीवर हात ठेवून, मान किंचित कलती करून ऐकत बसला होता. अंगावर कुठे ढिलाई नाही. स्वतः वाजवत नसतानाही तो साथीतच होता. आपल्याकडे गवयी आलाप करत असताना तबलजी कसा बसतो, त्यावरून तो काय दर्जाचा ते कळतं, असं माझे गुरुजी म्हणायचे. ते इथे आठवलं.

मग संथ भाग. आधी क्लॅरिनेट, मग ओबो, जोडीजोडीने. आणि नंतर व्हायोलिन आपल्या सगळ्यात जाड तारेवर, खर्जात गायला लागलं. मागे बसल्यामुळे वरच्या पट्टीतला लखलखाट माझ्यापर्यंत कमी पोचत होता, कारण व्हायोलिनचं तोंड पलीकडे. पण हा खर्ज लाकडातून आल्यासारखा थेट आला.

आणि याच भागात मी ते बघितलं, ज्यासाठी मला पुन्हा त्याच रांगेत बसायचं आहे. टिंपनीवाला वाकला, कान पानाला जवळजवळ टेकवला, बोटाच्या टोकाने इतकं हलकं टिचकवलं की मला दोन हातांवरूनही ऐकू आलं नाही, आणि पायाखालचं पेडल जरासं दाबलं. पुन्हा कान, पुन्हा टिचकी. आपण तबला लावताना हातोडीने गजऱ्यावर, म्हणजे पानाच्या विणलेल्या काठावर ठोकतो, लाकडी गठ्ठे सरकवतो. त्याचं ते काम पाय करत होता. पण मूळ अवघड गोष्ट तीच. आजूबाजूला दुसराच सूर चालू आहे, आणि त्याला न दुखवता आपला पुढचा सूर मनात धरून वाद्य लावायचं. एसी सभागृहात मध्येच तबल्याचा सूर हलला आणि बाई विलंबित गात आहेत, असा प्रसंग ज्याच्यावर आला असेल त्याला कळेल मी काय म्हणतो ते.

शेवटच्या भागाची सुरुवात त्याच्याच हातात. तो आणि खालची तंतुवाद्यं, चार मापं. एक लांब, दोन आखूड. धा तिट, धा तिट, धा तिट. तीन मात्रांचा तो ठेका बसला आणि त्यावर व्हायोलिन पुन्हा जाड तारेवर उतरलं. मी मांडीवर बोटं आवळून धरली होती, नाहीतर वाजवलंच असतं.

इथे कुणी हा कॉन्चेर्टो ऐकला आहे का? तुम्हाला त्यात काय दिसलं ते वाचायला आवडेल. रॅखमानिनॉव्हबद्दल प्रतिसादात लिहितो.

---

एस्पूकर

काका, मी तुमच्यापासून दोन मेट्रो स्टेशनं लांब राहतो! इतका मनापासून लिहिलेला लेख बऱ्याच दिवसांत वाचला नाही.

थोडी पार्श्वभूमी देतो, कारण या कॉन्चेर्टोमागे एक जुनं दुखणं आहे. सिबेलियसचा जन्म १८६५चा, हेमेनलिन्नाचा. त्याला संगीतकार नव्हे, व्हायोलिनवादक व्हायचं होतं. वाद्य गंभीरपणे हाती घेतलं चौदा-पंधराव्या वर्षी, म्हणजे उशीरच. १८९१ साली व्हिएन्नात शिकत असताना त्याने व्हिएन्ना फिलहार्मोनिकमध्ये जागा मिळावी म्हणून परीक्षा दिली. निवड झाली नाही. पुढे मोठा संगीतकार झाला, देशाचा अभिमान झाला, पण हे आत राहिलंच. १९१५ सालच्या रोजनिशीत त्याने लिहून ठेवलं आहे की स्वप्नात तो बारा वर्षांचा होता आणि व्हायोलिनचा उस्ताद होता. तेव्हा तो पन्नाशीला आला होता.

कॉन्चेर्टो त्याने आयुष्यात एकच लिहिला, तो व्हायोलिनसाठी. पहिला प्रयोग ८ फेब्रुवारी १९०४ रोजी हेलसिंकीत झाला, याच तुम्ही ऐकलेल्या वाद्यवृंदाबरोबर, आणि संचालन त्याचं स्वतःचं. खरं तर विली बुर्मेस्टर हा नामांकित वादक तो वाजवणार होता. पण सिबेलियसला पैशाची निकड होती, त्याने बुर्मेस्टरच्या सोयीची वाट न बघता तारीख अलीकडे घेतली आणि काम हेलसिंकीत शिकवणाऱ्या विक्टर नोव्हाचेक यांच्याकडे गेलं. रचना अतोनात कठीण, तयारीला वेळ थोडा. प्रयोग बसला नाही, टीका झाली.

मग त्याने तो मागे घेतला आणि कापला. पहिल्या भागात आधी दोन कादेन्झा होत्या, एक काढून टाकली. व्हायोलिनला मिरवायला मिळणाऱ्या बऱ्याच जागा गेल्या. नवं रूप १९०५च्या ऑक्टोबरात बर्लिनला झालं, वादक कारेल हालिर आणि संचालक रिचर्ड श्ट्राउस. आज सगळीकडे वाजतं ते हे. मूळ रूप कित्येक दशकं कुणाला ऐकायला मिळालं नव्हतं. १९९१ साली लिओनिदास कावाकोसने लाहती सिंफनी या वाद्यवृंदाबरोबर, ऑस्मो व्हॅन्स्काच्या संचालनाखाली त्याचं ध्वनिमुद्रण केलं. दोन्ही लागोपाठ ऐकून बघा. स्वतःच्या लाडक्या वाद्याच्या तोंडचा घास काढून घ्यायला किती धैर्य लागलं असेल ते कळतं. तुम्ही म्हणता ती साथीची शिस्त त्या कापाकापीतून आली आहे, असं मला वाटतं.

---

गजवाली

पुण्याहून. मी गायकी अंगाचं व्हायोलिन शिकते, चौदा वर्षं झाली. पं. दा. के. दातारांची ध्वनिमुद्रणं हे आमचं पाठ्यपुस्तक.

आमच्याकडे बसून, व्हायोलिनचं टोक पायाच्या घोट्यावर टेकवून वाजवतात. त्यामुळे डावा हात मोकळा राहतो आणि मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, सलग निघते. तारा सा आणि प वर लावतो. त्यांच्या तारा पाचव्या-पाचव्या सुरावर, म्हणजे लागोपाठच्या दोन तारांत सा-प एवढं अंतर, आणि वाद्य हनुवटीखाली. तरी सिबेलियसच्या संथ भागात जाड तारेवर जी धून येते, ती मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला ते परकं वाद्य वाटलंच नाही. पुरुषाचा भरदार गळा वाटला. तीच चाल बारीक तारेवर सहज वाजली असती. पण वरच्या तारेवर आवाज खुलतो, आणि जाड तारेवर वर-वर चढत गेलं की आवाजाला ताण येतो. तो ताण त्याला हवा होता. आमचे सरही कधीकधी मुद्दाम खालच्या तारेवर वर चढायला लावतात, ते याच कारणाने.

काका, एकलवादिकेचा उजवा हात मागून दिसला का? गज कुठे उलटवते ते समोरून नीट दिसत नाही.

---

दायांबायां

दिसला, आणि खांद्यापासून दिसला. शेवटच्या भागात इतकी धावपळ असूनही खांदा वर गेला नाही. सगळं काम कोपर आणि मनगट करत होतं.

एस्पूकर, कापाकापीचं वाचून फार बरं वाटलं. आता तो कादेन्झाचा भाग मनात पुन्हा वाजतो आहे.

---

स्वरलिपी

लेख आवडला, पण ‘साथ’ या शब्दावर माझा आक्षेप आहे. साथीत उपज असते. तबलजीला पुढे काय येणार ते माहीत नसतं, तो ऐकतो आणि त्या क्षणी ठरवतो. इथे प्रत्येकाच्या पुढ्यात कागद आहे. कधी वाजवायचं, किती जोरात, कधी थांबायचं, सगळं शंभरेक वर्षांपूर्वीच ठरलेलं. ही उत्तम अंमलबजावणी आहे, तिला कवायत म्हणा. साथ म्हणालात तर दोन्ही परंपरांवर अन्याय होतो.

---

दायांबायां

तुमचा मुद्दा मोलाचा आहे, आणि लिहिण्याआधी मीही त्यावर विचार केला होता. उपज नाही, हे मान्य. पण मी जे बघितलं ते सांगतो.

मागे बसल्यामुळे कंडक्टरचा चेहरा माझ्यासमोर होता. संथ भागात एका ठिकाणी वादिका एका सुरावर रेंगाळली. किती रेंगाळायचं ते कागदावर नसतं. कंडक्टरचा उजवा हात हवेत तसाच राहिला, डोळे तिच्या गजावर. पन्नास गज तारांवर टेकलेले, पण हलत नव्हते. तिने सूर सोडला, हात खाली आला आणि सगळे एकदम तिच्याबरोबर उतरले. गायक समेच्या आधी जरा लांबला की आपणही ठेका तेवढा लवचीक धरतो, तसंच हे. बोल लिहिलेले होते, वेळ लिहिलेली नव्हती. टिंपनीवाल्याचा घाव किती खोल, किती लवकर दाबायचा, हेही त्याचं तो ठरवत होता. घुमारा नको असला की तळवा लगेच पानावर.

ज्याला उद्या तालीम नाही आणि तेच पुन्हा वाजवायचं नाही, तो आपला तबलजी. ज्याला तेच वाजवायचं आहे पण आजच्या माणसाबरोबर, तो हा. दोघांनाही ऐकल्याशिवाय गत्यंतर नाही. मी साथ म्हणतो ते एवढ्यासाठी.

---

स्वरलिपी

‘बोल लिहिलेले होते, वेळ लिहिलेली नव्हती’ हे पटलं. उपजेबद्दल माझं मत कायम आहे, पण कवायत हा शब्द मागे घेतो.

---

चर्चगेट_फास्ट

मुंबईकरांसाठी: यासाठी फिनलंड गाठायची गरज नाही. नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, २००६ साली सुरू झाली. मोठ्या मैफिली जमशेद भाभा थिएटरात होतात. मी दरवर्षी जातो. आणि मुंबईचं या संगीताशी नातं त्याच्याही आधीचं. मेहली मेहता हे स्वतः व्हायोलिनवादक, त्यांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. प्रसिद्ध कंडक्टर झुबिन मेहता त्यांचे चिरंजीव, जन्म १९३६, मुंबईचाच.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना एकच सांगतो. कॉन्चेर्टोचे तीन भाग असतात, मध्ये टाळ्या वाजवत नाहीत. दाद द्यायची नाही असं नाही, पण दोन भागांमधली शांतता हा वाजवण्याचाच भाग धरतात. मला हे सुरुवातीला जड गेलं. जागेवर ‘वाह’ म्हणायची आपली सवय. आता ती शांतता आवडते.

काका, रॅखमानिनॉव्हचं राहिलं.

---

माड_पोफळ

मडगावहून लिहिते. आमच्याकडे व्हायोलिन चर्चच्या शाळांतून आलं. पोर्तुगीज काळात त्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. आमच्या शेजारचे एक म्हातारे गृहस्थ संध्याकाळी व्हरांड्यात उभे राहून सराव करायचे. आम्ही हिंदू घरातली मुलं, पण त्यांच्या पायरीवर बसून तास न् तास ऐकायचो. ते तरुणपणी मुंबईला सिनेमाच्या ध्वनिमुद्रणात वाजवायला जायचे. गोव्याचे कितीतरी वादक गेले. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, प्यारेलाल त्यांचे शिष्य. जुन्या हिंदी गाण्यांत कडव्याच्या आधी व्हायोलिनांचा जो लोंढा येतो, तो वाजवणारी कितीतरी बोटं आमच्या गावांत घडली.

दायांबायां यांनी लिहिलेली ‘जागा करून द्यायची’ ही गोष्ट ते आजोबा फार सांगायचे. त्यांच्या मते व्हायोलिनच्या रांगेत चांगला वादक तो, ज्याचा आवाज वेगळा ओळखू येत नाही. हे सांगताना त्यांना वाईट वाटत नसे, हे मला आता जाणवतं आहे.

---

दायांबायां

माड_पोफळ, तुमच्या आजोबांचं वाक्य वहीत लिहून ठेवलं.

आता रॅखमानिनॉव्ह. मंच अजून भरला. बास क्लॅरिनेट, ट्यूबा, झांजा, मोठा ढोल, सगळं आलं. जवळजवळ तासाची सिंफनी. लेकीने कार्यक्रमपत्रिका वाचून दाखवली. त्याची पहिली सिंफनी १८९७ साली इतकी पडली की त्याचं लिहिणंच काही वर्षं थांबलं. डॉक्टर निकोलाय दाल यांच्या उपचारांनी तो सावरला. ही दुसरी त्याने १९०६-०७ मध्ये ड्रेस्डेनला राहून लिहिली.

माझ्या मनात राहिला तो तिसरा भाग. तिथे क्लॅरिनेटला लांबलचक एकल आहे. वादक उभा राहत नाही, पुढे येत नाही, वाद्यवृंदाच्या मधोमध आपल्या खुर्चीवर बसूनच वाजवतो. मध्यंतराआधी सबंध सभागृह जिच्याकडे बघत होतं ती वादिका पुढे उभी होती. इथे एकल वाजवणारा माझ्यापासून चार खुर्च्यांवर. त्याच्या पाठीचा शर्ट श्वासागणिक ताणलेला दिसत होता. ती चाल संपतच नाही. आता थांबेल म्हणावं तर पुन्हा वळण घेते. आणि खाली तंतुवाद्यं इतकी हलकी की त्याच्या श्वासाचा आवाजही लपला नाही. संपल्यावर त्याने वाद्य मांडीवर ठेवलं आणि लगेच पुढच्याच क्षणी तो पुन्हा त्या ताफ्यातला एक झाला. शेवटी कंडक्टरने त्याला एकट्याला उभं केलं तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. टिंपनीवाला पायाने जमिनीवर ठोकत होता, ती त्यांची आपसातली दाद.

---

एस्पूकर

एक योगायोग सांगतो. या सिंफनीचा पहिला प्रयोग सेंट पीटर्सबर्गला झाला, तारीख ८ फेब्रुवारी १९०८. सिबेलियसच्या त्या पडलेल्या प्रयोगाला बरोबर चार वर्षं. आणि तेव्हा फिनलंड रशियन साम्राज्यातच होता, स्वातंत्र्य १९१७चं. १९०४ साली तर हेलसिंकी धुमसत होती. कॉन्चेर्टोनंतर चारच महिन्यांनी रशियन गव्हर्नर-जनरल बोब्रिकोव्ह याच्यावर इथे गोळ्या झाडल्या गेल्या, त्यात तो मेला.

काका, त्याच वर्षी सिबेलियस हेलसिंकी सोडून यार्व्हेनपॅच्या घरात राहायला गेला. घराचं नाव आयनोला, बायको आयनो हिच्यावरून. तो १९५७ साली गेला, तोवर त्या घरात पाण्याचे नळ बसवले नव्हते. पाइपांचा आवाज त्याला नको होता. बागेतच दोघांची समाधी आहे. पण हिवाळ्यात ते घर बघायला बंद असतं, मे महिन्यात उघडतं. तुमचा मुक्काम तोवर आहे का?

---

गजवाली

नळ नसलेलं घर... आणि सुरुवातीची ती तीन मापं. आता पुन्हा ऐकते, दार-खिडक्या लावून.

---

बारकेशंका

एक विचारू? पहिल्यांदा ऐकायचं असेल तर कुठलं ध्वनिमुद्रण?

---

चर्चगेट_फास्ट

जुन्यातलं हायफेट्झ या व्हायोलिनवादकाचं, १९३५चं, टॉमस बीचमच्या संचालनाखालचं. हा कॉन्चेर्टो जगभर पसरला त्यात त्या ध्वनिमुद्रणाचा मोठा वाटा आहे. आवाज जुना आहे, खरखर आहे, पण तिसऱ्या भागात अंगावर काटा येतो. काकांनी लिहिलेली टिंपनी मात्र त्यात पुसट आहे. ती ऐकायला अलीकडचं कुठलंही चांगलं घ्या आणि हेडफोन लावा.

---

दायांबायां

एस्पूकर, परतीचं तिकीट एप्रिलचं आहे, त्यामुळे आयनोला यंदा नाही. पण पुढच्या बुधवारची मैफल लेकीने बघून ठेवली होती. तिने विचारलं, बाबा, यावेळी समोरच्या जागा आहेत, घेऊ का? मी म्हटलं, तुम्ही दोघं समोर बसा. माझं तिकीट काढलं आहे. टिंपनीच्या मागे, दुसरी रांग.